खडूने लिहिलेला अनंतकाळ

सिडनी बंदरावरील पोलादी कमानीचा पूल १९ मार्च १९३२ रोजी वाहतुकीस खुला झाला, तेव्हा ऑस्ट्रेलिया महामंदीच्या तडाख्यात सापडला होता. तीन कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता. नागरिक त्या प्रचंड बांधकामाकडे अभिमानाने पाहत होते आणि त्याच शहरात धर्मादाय अन्नासाठी माणसांच्या रांगा लागत होत्या. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला तेथे आणखी एका कामाचा आरंभ झाला, पण त्याची दखल घ्यायला कोणी हजर नव्हते. डार्लिंगहर्स्ट भागातील बर्टन स्ट्रीटवरच्या बॅप्टिस्ट प्रार्थनामंदिरातून सत्तेचाळीस वर्षांचा एक ठेंगणा, किरकोळ अंगाचा माणूस बाहेर पडला. त्याने खिशातून खडू काढला, खाली वाकून फुटपाथवर एक इंग्रजी शब्द लिहिला आणि तो चालू लागला. तो शब्द होता इटर्निटी. मराठीत आपण त्याला अनंतकाळ म्हणू. त्यानंतर हातपाय चालत होते तोवर हा माणूस हाच शब्द लिहीत राहिला. आर्थर माल्कम स्टेस हे त्याचे नाव. परंतु शहराला ते कळायला चोवीस वर्षे लागली.

त्याने हा शब्द किती वेळा लिहिला असेल? पाच लाख हा आकडा सर्वत्र दिला जातो. कोणी मोजून ठेवलेले नसल्यामुळे हा अंदाजच आहे, पण तो अविश्वसनीय मात्र नाही. दिवसाला ५० वेळा, वर्षाचे ३०० दिवस आणि अशी ३३ वर्षे धरली, तर बेरीज ४,९५,००० होते. कारकुनी हिशेबाला हे उत्तर पटण्यासारखे आहे. पटायला कठीण जाते ती त्यामागची चिकाटी. एकच शब्द, तोही पुसून जाणाऱ्या खडूने, लोकांच्या पायांखाली येईल अशा जागी आणि स्वतःचे नाव न घालता, आयुष्याचा उत्तरार्ध एक माणूस का लिहीत राहतो, हे समजायचे तर त्याच्या पूर्वायुष्याकडे वळावे लागते.

स्टेसचा जन्म ९ फेब्रुवारी १८८५ रोजी सिडनीच्या रेडफर्न या गरीब वस्तीत झाला. वडील मॉरिशसहून आलेले मजूर. आईबाप दोघेही दारूच्या आहारी गेलेले. घरात पोटभर अन्न मिळण्याची शाश्वती नसल्यामुळे लोकांच्या दारांतले दूध-पाव चोरणे आणि कचऱ्याच्या डब्यातले उष्टे शोधणे हे त्या मुलाचे बाळपणीचे उद्योग होते. पुढे सरकारने त्याला निराधार मुलांत जमा करून घेतले. शाळा जेमतेम झाली. कोवळ्या वयातच कोळशाच्या खाणीत काम लागले, पण मजुरीचे पैसे गुत्त्यात जाऊ लागले आणि ऐन तारुण्यात दारूपायी तुरुंगाचीही ओळख झाली. विशीत असताना त्याचे काम होते नाण्यांच्या जुगाराच्या अड्ड्याबाहेर उभे राहून पोलिसांची चाहूल घेण्याचे. त्याच्या बहिणी कुंटणखाने चालवीत असत आणि तेथे गुत्त्यांतून दारू पोहोचवण्याचे कामही त्याच्याकडे होते. हा सारा तपशील पुढे त्याने स्वतःच जगाला सांगितला. त्यात त्याने काही झाकले नाही, तसे रंगवूनही सांगितले नाही.

मार्च १९१६ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि फ्रान्सच्या आघाडीवर गेला. छातीच्या दुखण्यांनी जर्जर होऊन तो परतला आणि एप्रिल १९१९ मध्ये वैद्यकीय कारणास्तव सेवामुक्त झाला. महायुद्धातून परतलेल्या ज्या माणसांची घडी पुन्हा बसलीच नाही, त्यांत त्याची गणना करायला हवी. नंतरची दहा-अकरा वर्षे तो उत्तरोत्तर खाली घसरत गेला. पैसे असतील तेव्हा दारू आणि नसतील तेव्हा मेथिलेटेड स्पिरिट, इथपर्यंत त्याची मजल गेली. मंदी आली तेव्हा स्टेसपाशी गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते.

६ ऑगस्ट १९३० रोजी ब्रॉडवे रस्त्यावरील सेंट बार्नाबस चर्चमध्ये गरजू पुरुषांसाठी एक सभा भरली होती. बोलावणारे होते रेव्हरंड आर. बी. एस. हॅमंड. हे गृहस्थ मद्यपानबंदीचे कडवे पुरस्कर्ते होते, आणि नुसत्या उपदेशाने उपाशी माणसाचे भले होत नाही हेही ते जाणून होते. १९३२ साली त्यांनी शहराबाहेर हॅमंडव्हिल ही वसाहत स्थापून बेकार कुटुंबांना घरे मिळवून दिली. त्यांच्या सभेचा शिरस्ता ठरलेला होता: आधी प्रवचन, मग चहा आणि केक. शेकडो भणंग माणसे चहाच्या आशेने प्रवचन सहन करीत बसत. स्टेसही त्याच आशेने आला होता. पुढच्या बाजूस बसलेल्या स्वच्छ कपड्यांतल्या काही मोजक्या मंडळींकडे त्याचे लक्ष गेले. ही कोण, असे त्याने शेजाऱ्याला विचारले, तेव्हा ते ख्रिस्ती लोक असावेत असे त्याला कळले. आपण कोठे येऊन बसलो आहोत आणि ती मंडळी कोठे आहेत, याची तुलना त्याच्या मनात उभी राहिली. सभा संपल्यावर तो जवळच्या उद्यानात गेला आणि वड-उंबराच्या कुळातल्या एका मोठ्या झाडाखाली गुडघे टेकून त्याने देवाची करुणा भाकली. त्यानंतर त्याने दारूला स्पर्श केला नाही.

मनुष्य एका दिवसात बदलतो यावर अनेकांचा विश्वास नसतो, आणि तो नसावा हेच बरे. कारण बहुतेक वेळा तसा बदल टिकत नाही. स्टेसच्या बाबतीत मात्र बदलाची साक्ष पुढच्या सदतीस वर्षांनी दिली. तो हॅमंड यांच्या निराधारांसाठी चाललेल्या कामात पडला. ज्या माणसांच्या रांगेत तो कालपर्यंत उभा होता, त्यांनाच तो आता वाढू लागला.

दोन वर्षांनी, म्हणजे आरंभी सांगितलेल्या त्या नोव्हेंबरात, तो बर्टन स्ट्रीटच्या मंदिरात जॉन रिडले यांचे प्रवचन ऐकायला गेला. रिडले हे पहिल्या महायुद्धात पराक्रमाबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवलेले सैनिक होते आणि नंतर प्रवचनकार झाले होते. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील सत्तावन्नाव्या अध्यायाचे पंधरावे वचन त्यांनी विषयासाठी घेतले होते. बायबलच्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात इटर्निटी हा शब्द येतो तो या एकाच ठिकाणी. परमेश्वर अनंतकाळात वास करतो, असा त्या वचनाचा पूर्वार्ध आहे. रिडले यांनी हा शब्द पुनःपुन्हा उच्चारला. तो सिडनीच्या रस्त्यारस्त्यांतून गर्जून सांगावासा वाटतो, असे म्हणून त्यांनी श्रोत्यांना प्रश्न टाकला की, अनंतकाळ तुम्ही कोठे काढणार? स्टेसच्या सर्व चरित्रकारांनी या क्षणाचे वर्णन केले आहे. मला मात्र त्या वचनाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. हा उच्च स्थानी राहणारा देव भग्न अंतःकरणाच्या आणि नम्र माणसापाशीही राहतो, असे तेथे सांगितले आहे. रेडफर्नच्या उकिरड्यावर वाढलेल्या श्रोत्याला पूर्वार्धाने भय दाखवले असेल, तर उत्तरार्धाने आसरा दिला असेल. पुढची सारी वर्षे त्याने ज्या निर्धास्तपणे काढली, तो निर्धास्तपणा केवळ भयातून येत नाही.

खडू त्याच्या खिशात कसा होता, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. अक्षराची गोष्ट मात्र नवलाची आहे. स्टेसच्या सांगण्याप्रमाणे त्याला स्वतःचे नावदेखील धड लिहिता येत नसे. असे असता हा एक शब्द मात्र त्याच्या हातून सुरेख, तिरक्या, वळणदार कॉपरप्लेट अक्षरात उतरला. पहिले अक्षर डौलदार आणि मोठे. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून साऱ्या शब्दाखाली रेघ ओढणारी. रुंदी सुमारे दोन फूट. एकेकाळी इंग्रजी शाळांतून मुलांना महिनोन्महिने कित्ता गिरवायला लावत, तेव्हा कोठे असे वळण साधे. स्टेसने कोणता कित्ता गिरवला होता? आपल्याला हे कसे जमले ते त्यालाही अखेरपर्यंत उमगले नाही. तो याला देवाची देणगी मानी. शिक्षक मंडळी कदाचित म्हणतील की, पाच लाख वेळा लिहिल्यावर कोणाचेही अक्षर सुधारेल. तेही खरेच, परंतु आपला शब्द पहिल्याच दिवशी असा उतरला, असे तो सांगे, आणि इतर शब्द लिहिताना त्याचा हात अडखळे तो अडखळेच.

त्याचा दिनक्रम एखाद्या गिरणी कामगारासारखा होता. पहाटे चारच्या सुमारास उठायचे, प्रार्थना करायची, न्याहारी करून उजाडण्यापूर्वी घराबाहेर पडायचे. आज शहराच्या कोणत्या भागात जायचे, ते प्रार्थनेत ठरे. अंगावर स्वच्छ सूट, गळ्यात टाय, डोक्यावर फेल्ट हॅट. मार्टिन प्लेसच्या बँकांपासून तेवीस-चोवीस किलोमीटरवरच्या पॅरामॅटापर्यंत, रेल्वे स्थानकांच्या प्रवेशद्वारांपाशी, कचेऱ्यांच्या पायऱ्यांसमोर, चाकरमान्यांची गर्दी सुरू होण्याआधी तो शब्द लिहून ठेवी आणि दहाच्या सुमारास घरी परते. गर्दी येई ती ताज्या अक्षरांवरून. पावसाने शब्द धुतला जाई, बुटांनी पुसला जाई, झाडूवाला झाडून टाकी. पुढे टिकावे म्हणून तो कधीकधी मेणाचा खडू वापरू लागला, तरी फुटपाथवरचे लिखाण ते किती टिकणार? म्हणून तर पुन्हा लिहायचे. शहराच्या नियमांनुसार फुटपाथ विद्रूप करणे हा गुन्हा होता. सुमारे चोवीस वेळा पोलिसांनी त्याला हटकले, पण खटला भरण्यापर्यंत कोणी गेले नाही. वरून परवानगी आहे, अशा अर्थाचे तो काही बोले आणि पोलीस सोडून देत.

मधूनमधून त्याने देवाची आज्ञा पाळा अशा अर्थाची छोटी वाक्येही लिहून पाहिली. परंतु तो पुन्हा आपल्या एका शब्दाकडे परतला, आणि हा त्याचा निर्णय फार शहाणपणाचा होता असे म्हणावे लागते. आज्ञा दिसली की माणूस नकळत तिच्याशी वाद घालू लागतो. नुसत्या नामाशी वाद कसा घालणार? त्यात कर्ता नाही, क्रियापद नाही, देवाचे नाव नाही, नरकाची धमकी नाही. नोकरीच्या शोधात भल्या सकाळी निघालेला माणूस, कचेरीला उशीर झालेला कारकून, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, जो तो आपापल्या घाईत असताना पायांशी हा शब्द येई. आपल्याकडे अनंतकाळ हा शब्द रोजच्या बोलण्यात येतो तो सरकारी कचेरीत अडकलेल्या कागदाबद्दल! स्टेसचा शब्द त्या अर्थाचा नव्हता. पण घाईतल्या माणसाला क्षणभर थबकवण्याइतका तो नक्कीच विचित्र होता. मराठी माणसाला येथे आणखी एक गंमत जाणवावी. आपण लेखनाच्या खुणेला अक्षर म्हणतो, म्हणजे जे झिजत नाही ते. या माणसाने अविनाशाचा अर्थ सांगणारा शब्द जगातल्या सर्वांत लवकर झिजणाऱ्या अक्षरांत लिहिला, आणि त्याला त्यात काही विसंगती वाटली नाही.

लिहिणारा कोण, याबद्दल सिडनीत तर्क चालत. अखेर १९५६ साली बर्टन स्ट्रीटच्या मंदिराचे धर्मोपदेशक लाइल थॉम्पसन यांनी आपल्याच मंदिराची झाडलोट आणि देखभाल करणाऱ्या माणसाला बाहेरच्या फुटपाथवर खडूने लिहिताना पाहिले. इतकी वर्षे जे कोडे शहराला पडले होते, त्याचे उत्तर त्यांच्या आवारातच केर काढीत होते. थॉम्पसन यांनी विचारले, स्टेसने कबूल केले. थॉम्पसन यांनी त्याची हकिगत लिहून काढली आणि त्याच वर्षी जूनमध्ये एका रविवारच्या वृत्तपत्रात त्याची मुलाखत छापून आली. प्रसिद्धी मिळाल्यावर माणसाचा दिनक्रम बदलतो. याचा बदलला नाही. दुसऱ्या दिवशीही खडू आणि फुटपाथ.

नुसत्या लेखनावर त्याचे समाधान होत नसे, हेही नमूद करायला हवे. जॉर्ज स्ट्रीट आणि बॅथर्स्ट स्ट्रीट यांच्या नाक्यावर तो आठवड्याच्या शेवटी उभा राहून उपदेश करी. मनोरुग्णालयातील आणि आश्रयगृहांतील माणसांच्या भेटी घेई. २२ जानेवारी १९४२ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्याने पर्ल डॉसन या श्रद्धाळू स्त्रीशी विवाह केला, तोही जेथे चहाच्या आशेने तो शिरला होता त्याच सेंट बार्नाबस चर्चमध्ये. पायरमाँट भागात दोघांनी साधा, नेटका संसार केला. १९६१ साली पर्ल गेली. थकलेला स्टेस १९६५ मध्ये हॅमंडव्हिलच्या वृद्धांसाठीच्या शुश्रूषागृहात राहायला गेला. ज्या हॅमंड यांनी त्याला उभे केले, त्यांनीच वसवलेल्या गावात. ३० जुलै १९६७ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तो तेथेच निवर्तला. आपला देह त्याने सिडनी विद्यापीठाला वैद्यकीय शिक्षणासाठी दिला होता. दोन वर्षांनंतर, १९६९ मध्ये, त्याचे अवशेष पर्लच्या शेजारी पुरण्यात आले.

येथवर सरळ असलेली कथा त्याच्या मृत्यूनंतर गुंतागुंतीची होते. डग्लस स्टुअर्ट या कवीने त्याच्यावर कविता लिहिली. १९७७ साली सिडनी स्क्वेअर या चौकाच्या फरसबंदीत त्याच्या हस्ताक्षराची प्रतिकृती अॅल्युमिनियममध्ये बसवण्यात आली. चौकाचे वास्तुशिल्पी रिडले स्मिथ. त्यांचे नाव त्याच प्रवचनकार रिडले यांच्यावरून ठेवलेले होते. स्टेस ज्या नाक्यावर उपदेश करी, तो तेथून हाकेच्या अंतरावर. मार्टिन शार्प या चित्रकाराने तो शब्द भित्तिपत्रकांवर आणला आणि नव्या पिढीला त्याची ओळख करून दिली. १९९४ साली त्याच्यावर माहितीपट निघाला, नंतर संगीतिकाही झाली. कॅनबेरातील राष्ट्रीय संग्रहालयाने एका दालनाला त्या शब्दाचे नाव दिले. आणि १ जानेवारी २००० च्या मध्यरात्री, आतषबाजीचा धूर विरत असताना, सिडनी बंदराच्या पुलावर दिव्यांच्या रेघांत तो शब्द उजळला, अगदी त्याच वळणात. ज्या वर्षी पूल खुला झाला त्याच वर्षी सुरू झालेले लेखन पुलावर जाऊन पोहोचले आणि जगभरच्या दूरचित्रवाणी संचांवर दिसले. त्याच वर्षीच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनातही ते झळकले. पुढे सिडनीच्या नगर प्रशासनाने या चिन्हाची व्यापारमुद्रा म्हणून नोंदणी करून घेतली. फुटपाथ खराब केला म्हणून ज्या शहराचे कायदे त्याला अटक करू शकत होते, त्या शहराने आता तीच खूण आपल्या मालकीची केली! बर्टन स्ट्रीटच्या मंदिराचेही २०१३ पासून नाट्यगृह झाले. नाव अर्थातच इटर्निटी.

या सगळ्याची खंत करावी काय? शहराने आपल्या एका सामान्य, निरक्षरप्राय सफाई कामगाराचा असा सन्मान करावा, ही गोष्ट लहान नव्हे. पुलावर एखाद्या पंतप्रधानाचे नाव झळकले असते तर कोणाला नवल वाटले नसते. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. स्टेसच्या लेखी हा शब्द सुंदर नव्हता, निकडीचा होता. प्रत्येक माणसाला मरणानंतर एका निवाड्याला सामोरे जायचे आहे आणि वेळ थोडा आहे, अशी त्याची सरळसोट श्रद्धा होती. ती आपल्याला पटलीच पाहिजे असे मुळीच नाही. मलाही त्यातला स्वर्ग-नरकाचा भाग पेलत नाही. परंतु ती श्रद्धा काढून टाकून उरलेले सुबक वळण तेवढे ठेवणे हे त्याच्या कामाचे जतन म्हणता येणार नाही. दिव्यांचा शब्द सर्वांनी मिळून, मान वर करून पाहिला. खडूचा शब्द एकेकट्याने, मान खाली घालून वाचायचा होता. पहिल्याने टाळ्या घेतल्या. दुसऱ्याने किती जणांची पावले अडवली, किती जणांचा दिवस बदलला याचा हिशेब स्टेसने कधी मागितला नाही. कोणी आपले मन पालटले असे सांगायला आले तर त्याला आनंद होई. न आले तर उद्याची पहाट होतीच.

फुटपाथवरच्या त्या पाच लाखांपैकी आज एकही शब्द उरलेला नाही. एका मित्रासाठी त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दिलेला शब्द तेवढा कॅनबेराच्या संग्रहालयात आहे. आणखी एक मात्र अवचित सापडला. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या भीतीने सिडनीच्या मुख्य टपाल कचेरीवरील घड्याळाचा मनोरा १९४२ साली उतरवून ठेवण्यात आला होता. १९६४ साली तो पुन्हा उभारताना कोठारात पडून राहिलेली प्रचंड घंटा बाहेर काढण्यात आली, तेव्हा कामगारांना तिच्या आतल्या बाजूस खडूने लिहिलेली ती ओळखीची अक्षरे दिसली. बंद कोठारातल्या त्या घंटेपर्यंत तो केव्हा व कसा पोहोचला, हे कोणालाच सांगता आले नाही. अक्षरे तशीच ठेवून घंटा पुन्हा मनोऱ्यात चढवण्यात आली.